मटण म्हणून सांग

तांदूळ टोपात टाकले, गरम पाणी ओतलं, झाकण ठेवलं, आणि मागच्या दारातून विद्याधर आत शिरला.

"आई येतेय," म्हणाला.

"कोणाची?"

"माझी. कोणाची काय! नाक्यावर रिक्षाची वाट बघतेय. मी सायकल मारत पुढे आलो."

मी हातातल्या पळीसकट तशीच उभी राहिले. दोन वर्षं ही बाई माझं तोंड बघायला तयार नव्हती. किरिस्तावाचं चेडू सून म्हणून घरात आणलंस तर मी भावाकडे जाऊन राहीन, असं तिने विद्याधरला देवासमोर उभं करून सांगितलं होतं. आणि आज, शनिवारी, दिवेलागणीला, मी कारखान्यातून येऊन पाय धुते न धुते तोच ती आमच्या दारात उतरणार होती.

"अशी अचानक?"

"वेंगुर्ल्याला तिच्या मामेबहिणीकडे बारसं होतं. तिथून निघताना आपणहून म्हणाली, चल, दाखव तुझी ती कोण आहे ती. मी म्हटलं हा मूड गेला तर पुन्हा यायचा नाही. कार्मेलिन, आज ठरेल. आज तिने हो म्हटलं की झालं."

माझी माय कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. तिच्या मांडीवरची सगळी सालं जमिनीवर सांडली.

"आगो माझ्या सायबिणी! आणि तू आता सांगतंस? आणि ती जेवतली?"

"जेवणारच. बारशाकडे काही खाल्लं नाही म्हणाली."

माय टोपाकडे बघायला लागली. मीही. टोपातून वास यायला सुरुवात झाली होती.

शनिवारी मी हेच करायची. दिवसभर काजू फोडून आलं की अंगात दुसरं काही रांधायचा जोर नसायचा. स्वयंपाकघरातल्या दांडीला चोरिसांची माळ लटकलेली असायची. डुकराच्या मटणाचे बारके तुकडे मिरची-लसणीत आणि माडाच्या विनेगरात मुरवायचे, आतड्यात ठासून भरायचे, दोऱ्याने गाठी मारून उन्हात सुकवायचे, ही मायची कामं. माझं काम सोपं. माळेतले थोडे मणी तोडायचे, साल काढायची, आतलं सगळं टोपात टाकायचं. तेल नको, मीठ नको, चोरिसात दोन्ही भरपूर असतं. चरबी सुटली की कांदा, बटाट्याच्या फोडी, तांदूळ, पाणी. एक टोप, एक झाकण. पाठ टेकून जरा बसावं तोवर लाल भात तयार. विद्याधरला हा भात इतका आवडायचा की तळाला लागलेली खरपूडसुद्धा तो पळीने खरवडून खायचा.

"उतर तो टोप," माय म्हणाली आणि स्टुलावर चढली. फळीवरून तिने पावण्यांचा टोप काढला. आमच्या वाडीत जुन्या बायकांकडे असा एक टोप असायचा. त्यात कधी डुक्कर शिजवायचं नाही, बीफ शिजवायचं नाही, धुवायचा तोही वेगळा. शेजारपाजारचं कोणी हिंदू जेवायला बसलं तर त्यांच्यासाठी त्यात रांधायचं. "मी डाळ-भात लावतंय. तू ह्या झाकून परसात नेऊन ठेव."

"मावशी, थांबा, थांबा." विद्याधरने तिच्या हातातून टोप काढून घेतला. "डाळ-भात नको. आई काय म्हणालीय माहितीय? म्हणाली, गेलंय तर ते जेवतत ताच जेवतलंय, माका येगळा ताट नको. तिला वेगळं वाढलं तर तिला वाटेल आपल्याला परकं धरलं. आणि वेळ आहे का डाळ शिजवायला? स्टोव्ह एक."

"मग तिला सांग टोपात काय आहे," मी म्हटलं. "खाईल नाहीतर नको म्हणेल. नको म्हणाली तर बसेल जरा वेळ, माय डाळ लावील."

तो माझ्या जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "मटण म्हणून सांग."

"काय?"

"मटण. बकऱ्याचं. तिला काय कळतंय? तिने कधी खाल्लंय का हे? लाल भात, मसाला, बटाटे. मटण म्हणून सांग, विषय संपला."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर."

"विद्याधर, तुझी आई आहे ती."

"म्हणूनच सांगतोय! मी ओळखतो तिला. डुक्कर हा शब्द ऐकला ना, की उठून चालायला लागेल. दोन वर्षांची मेहनत पाण्यात. एका शब्दापायी? तूच सांग."

स्टोव्ह तेवढ्यात फुसफुसला आणि ज्योत पिवळी झाली. मी खाली बसून पंप मारायला लागले. पंप मारता मारता माझं डोकं तापत होतं. हा माणूस शाळेत मास्तर. एक अनियतकालिक काढायचा, गावोगाव भाषणं द्यायचा, माझं बोलणं सुधारायचा. ‘माका’ नाही, ‘मला’ म्हण. ‘खय’ नाही, ‘कुठे’ म्हण. मी नववीत शाळा सोडलेली. त्याने दिलेली पुस्तकं मी काजूने काळ्या झालेल्या बोटांनी वाचायची आणि पानांवर डाग पडले की तो हसून म्हणायचा, असू दे, श्रमाची सही आहे ती. आणि हाच आता माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून मला खोटं बोलायला शिकवत होता, तेही शुद्ध भाषेत.

"पाणी आटलं का बघ," तो म्हणाला.

"तू गप ऱ्हव."

"बटाटे जरा फोड म्हणजे ते तुकडे दिसायचे नाहीत."

"विद्याधर, मी ही पळी तुझ्या डोक्यात घालीन."

"मी डाळ भिजत घालतंय," माय म्हणाली.

"नको म्हटलं ना मावशी!"

स्टोव्ह एक, टोप एक आणि हुकूम सोडणारी माणसं दोन. मी झाकण काढलं. भात अजून टणक होता. परत झाकण ठेवलं, पण दाणकन.

"ऐक," मी म्हटलं. "मी मटण बिटण सांगणार नाही. तुला सांगायचं तर खरं सांग. नाहीतर मी सांगते."

बाहेर वळणावर रिक्षाचा आवाज आला. विद्याधरच्या कपाळावर घाम.

"बरं बाई. मी सांगतो. तू काही बोलू नकोस, तू बोललीस तर तिला उद्धट वाटेल. माझ्यावर सोड."

"जेवायच्या आधी."

"हो गं. जेवायच्या आधी. योग्य शब्दांत सांगतो."

आणि मागच्या दाराने बाहेर पडला, परसातून वळसा घालून पुढच्या अंगणात गेला, आणि आई रिक्षातून उतरली तेव्हा पुढच्या दारात असा उभा होता, जणू या घराला दुसरं दार आहे हे त्याला ठाऊकच नाही.

त्याची आई, शालनकाकी, बुटकी, जाड, घट्ट अंबाड्यात आबोलीचा वळेसर, काखेत पर्स. उंबऱ्यावर क्षणभर थांबली. चपला काढू की नको, असं तिच्या पायांना झालेलं मला दिसलं. मग काढल्या. आत येऊन पहिल्यांदा तिने भिंतीवरच्या आमच्या देव्हाऱ्याकडे पाहिलं.

"ह्यो तुमचो देव. दिवो रोज लावतंस?"

"रोज लावते, काकी."

"बरा करतंस. आमच्या ह्या मास्तराक मी सांगून सांगून थकलंय, देवाकडे ढुंकान बघणा नाय." माझ्याकडे वळली. "ये हय. हात दाखव."

मी हात पुढे केले. काजूच्या टरफलातल्या तेलाने बोटांची सालं गेलेली, नखं काळी. विद्याधरने घसा खाकरला. "आई, ती वाचनालयाची सभासद आहे. गेल्या वर्षभरात तिने—"

"तू गप. वाचूक मी तिका बसवचंय नाय." तिने माझी बोटं उलटी केली, सुलटी केली. "काजूत जातंस?"

"होय."

"माझी आवस जाय काजूत. असेच हात. आमच्या शेजारणी तिच्या हातचा पाणी पियत नसत, काळे हात म्हणान." आईबद्दल एवढं सांगून तिने माझे हात सोडून दिले. "त्येंका काय जाता बोलूक."

माय दारामागून हे ऐकत होती. ती डोळे पुसत पाणी घेऊन आली. काकीने तांब्या घेतला, पळभर त्यात पाहिलं आणि घटाघटा प्यायली. विद्याधर माझ्याकडे बघून भुवया उडवत होता, बघितलंस, बघितलंस, असं. मलाही वाटलं, होतंय. ही बाई तोंडाची फटकळ आहे, पण वाईट नाही. हिच्याशी माझं पटेल. रोज भांडण होईल आणि रोज पटेल.

"वास बरो येता," ती म्हणाली. "काय शिजवलंस?"

मी विद्याधरकडे पाहिलं.

"आई, तू आधी टेक तर. पाय दुखत असतील."

"पाय माझे, माका म्हायत. आंबट वास येता. सोलां घातलंस?"

"विनेगर आहे, काकी."

"ईनेगर!" ती हसली. "आमचो घो बोटीवर होतो तेव्हा सांगायचो, गोंयकार मटणात ईनेगर घालतत म्हणान. माका वाटायचा थापा मारता."

मी पुन्हा विद्याधरकडे पाहिलं. हीच वेळ होती. दार तिने स्वतः उघडून दिलं होतं. तो देव्हाऱ्याखालच्या कॅलेंडरकडे बघत होता. जसं काही त्या कॅलेंडरात काहीतरी फार महत्त्वाचं छापलंय.

"ताटं घे," तो मला म्हणाला.

स्वयंपाकघरात तो माझ्यामागून आला. "सांगितलं का नाहीस?" मी दात आवळून विचारलं.

"सांगतो. वाढ तू. ताट समोर आलं की सांगतो. भूक लागलेली असताना माणूस मऊ असतो."

माय कपाटातल्या काचेच्या बशा काढत होती. नाताळच्या बशा. मला मात्र नुसता राग येत होता. स्टोव्हचा, त्या न शिजणाऱ्या भाताचा, विद्याधरच्या कपाळावरच्या घामाचा. भात एकदाचा शिजला, पण तळाला लागला. मी वरवरचा मोकळा भात काढला. लाल, चकचकीत, मध्ये मध्ये चोरिसाचे काळसर तुकडे. बटाटे मी फोडले नाहीत.

चटई घातली. काकी बसली, विद्याधर शेजारी. माय म्हणाली मी मागान जेवतलंय. मी वाढलं आणि समोर बसले.

काकीने ताटाभोवती पाणी फिरवलं. भाताला हात लावायच्या आधी तिने सांगितलं, "माझो शनिवार असता. मारुतीचो. लग्न झाल्यापासून एक शनिवार मोडूक नाय. आज मोडतंय. विद्यासाठी. आणि तुझे हात बघितलंय म्हणान." मग भातातला एक तुकडा बोटाने बाजूला केला. "ह्या काय?"

"मटण," विद्याधर म्हणाला. "त्यांच्या पद्धतीचं."

"बकऱ्याचा?"

"होय गो. बकऱ्याचा."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आवाजात जरासाही कंप नाही. मी थांबले. अजून बोलेल म्हणून. पुढे ‘म्हणजे आई, खरं तर’ असं काहीतरी म्हणेल म्हणून. तो स्वतःच्या ताटातला भात कालवत होता.

काकीने घास उचलला. तोंडाशी नेला. मी पुढे झुकून तिचं मनगट धरलं.

भात उडाला. तिच्या पातळावर, चटईवर, विद्याधरच्या चष्म्यावर.

"काकी, डुकराचा आसा ता. खाव नका."

मायच्या हातातून डाव पडला. काकीचं मनगट अजून माझ्या हातात होतं. मी सोडलं. तिने हात ताटावर तसाच आडवा धरून ठेवला, बोटं ताठ.

"डुकराचा?"

"होय."

"विद्या. तुका म्हायत होता?"

विद्याधर हसला. मला तो हसलेला आवाज अजून ऐकू येतो. चष्मा पुसत हसला. "आई, अगो, काय फरक पडतो? अन्न ते अन्न. मी दोन वर्षं खातोय हे. मला काय झालं? शिंगं फुटली?"

"तू खातंस ता माका म्हायत आसा," काकी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दर आयतवारी तुझ्या शर्टाक वास येता. तू म्हणतंस वाचनालयात होतंय. मी तुका कधी इचारलंय? खा. तुझा तोंड, तुझा पोट. पण माझ्या तोंडात कित्या घालतंस?"

"घालतोय कुठे? तू तर स्वतः म्हणालीस, ते जेवतात तेच जेवणार."

"मी इचारलंय बकऱ्याचा काय. तू होय म्हणालंस."

"कारण खरं सांगितलं असतं तर तू खाल्लं नसतंस!"

"नसतंच खाल्लंय."

"बघ! हेच! हीच भीती घालवायची होती मला. एकदा खाल्लं असतंस की कळलं असतं, काही होत नाही. मग मी सांगणारच होतो."

"कधी?" हे मी विचारलं.

त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. मी त्याच्या बाजूची आहे हे त्याने इतकं गृहीत धरलं होतं की सरळ सांगून टाकलं. "लग्न झाल्यावर. मग काय म्हणणार होती ती? पोटात गेलेलं काय परत येतं? एकदा बाटली की बाटली. पुढचा सगळा वादच मिटला असता."

एकदा बाटली की बाटली. हे तो म्हणाला. त्याला स्वतःला ऐकू आलं नाही.

आमच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. कोणे काळी पाद्र्यांनी म्हणे गावच्या विहिरीत पाव टाकला. गाव नेहमीसारखं पाणी प्यायलं आणि मग त्यांना सांगितलं, आता तुम्ही बाटलात, आता तुम्ही आमचे. आपल्याच माणसांनी त्यांना परत घरात घेतलं नाही. खरी की खोटी, देव जाणे. पण आम्हाला चिडवायला अख्ख्या तालुक्याला ती पाठ आहे. शाळेत मी डबा उघडला की पोरं विचारायची, विहिरीतला पाव आणलास का गो? विद्याधरचं पहिलं भाषण मी ऐकलं ते वाचनालयाच्या ओट्यावर, आणि त्यात त्याने हीच गोष्ट सांगितली होती. म्हणाला होता, माणसाला न विचारता, न सांगता, त्याचं आयुष्य बदलून टाकणं याच्याइतकी मोठी हिंसा नाही. आमची बाजू घेऊन आमच्या गावात असं बोललेला तो पहिला माणूस. मी त्या भाषणावर भाळले होते, त्याच्या चष्म्यावर नव्हे.

"तू पाव टाकीत होतंस," मी म्हटलं. शुद्ध भाषा माझ्या तोंडातून गळून पडली. "आवशीच्या ताटात पाव टाकूक निघालंस, मेल्या."

त्याला कळलं. त्याचा चेहरा उतरला, पण एक क्षणच. "ही तुलना होते का? त्यांनी सत्तेसाठी केलं. मी चांगल्यासाठी करत होतो."

"तेही चांगल्यासाठीच करत होते. विचार जाऊन कुठल्याही पाद्र्याला. आत्मे वाचवत होते म्हणे."

"कार्मी!" माय किंचाळली. "तोंड सांभाळ!"

काकी उठली. ओच्यातला भात झटकला आणि परसात दगडावर जाऊन हात धुऊ लागली. माय लोटा घेऊन तिच्यामागे धावली. आत मला मायचं रडणं ऐकू येत होतं, माफ करा, आमचो ह्येच्यात हात नाय, आमी येगळो टोप काढललो. आणि काकीचा आवाज, "तुमी कित्या रडतास? तुमी काय केलास? पाणी घाला."

विद्याधर आणि मी समोरासमोर बसलो होतो. मध्ये दोन ताटं.

"शाबास," तो म्हणाला. "झालं समाधान? दोन वर्षं!"

मला त्याच्याकडून एकच वाक्य हवं होतं. आई, चुकलं. बस. मला नव्हे, तिला. मी वाट बघत होते.

काकी पदराला हात पुसत आत आली. बसली नाही. उभ्यानेच मला म्हणाली, "मी ह्या खावचंय नाय. मरान गेलंय तरी. माका उलटी येतली. पण तू सांगितलंस. माझ्या पोटच्यान सांगूक नाय, तू सांगितलंस." श्वास घेतला. "असला एक तरी माणूस माझ्या घरात होया. लगीन लावा. माझ्या घरात ह्या शिजूचा नाय, आणि तुळशीक पाणी घालूचा. बाकी तुझो देव तू पूज, मी आड येवचंय नाय."

माय मटकन खाली बसली आणि छातीवर क्रूस करायला लागली.

विद्याधर ताडकन उठला. "बघितलंस! झालं की नाही! मी म्हणत होतो ना, आज आणलीच पाहिजे हिला. आई, तू ना, तू खरंच—" त्याने तिच्या पाठीवर थोपटलं. माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. आणि मग, भार उतरलेल्या माणसासारखा, खाली बसला, ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागला. मोठमोठे घास. शेजारी आई उपाशी उभी होती. त्याने चोरिसाचा एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "मस्त झालाय आज."

मी त्याच्या हलणाऱ्या जबड्याकडे बघत बसले. उद्या हा मला काय काय भरवील, आणि पोटात गेल्यावर सांगेल? आज आईला ‘मटण’. उद्या मला काय? आणि चांगल्यासाठीच. नेहमी चांगल्यासाठीच.

"मला नाही करायचं," मी म्हटलं.

"काय?" तोंडात घास.

"लग्न."

तो चावायचा थांबला. पण त्याच्या आधी काकीच पुढे आली.

"काय म्हणालंस?"

"काकी, मला तुमच्या झिलाशी लग्न करायचं नाही."

"माझ्या झिलाक नाय म्हणतंस? तू?" आता तिचा आवाज चढला. डुकराच्या भातापाशी चढला नव्हता तो. "मास्तर आसा तो! आख्ख्या वाडीतले बापूस आपली चेडवां घेऊन माझ्या दारात उभे आसत! मी माझो शनिवार मोडून तुझ्या दारात इलंय, आणि काजू फोडणारा किरिस्तावाचा चेडू माका नाय म्हणता?"

"आत्ता तुम्हीच म्हणालात ना, त्याने सांगितलं नाही म्हणून. तुमच्याशी खोटं—"

"माझ्याशी बोललो तो! मी बघान घेतलंय! मी आवस आसंय, मी पोटात घातलंय. तू कोण?"

"तेच तर. मी कोणी नाही. मला पोटात घालायची गरज नाही."

तिने हात उगारला. मारणार असं वाटलं. मग तोच हात तिने विद्याधरच्या दंडाला घातला आणि त्याला ताटावरून उठवला, लहान पोराला उठवतात तसा. त्याची बोटं भाताने लाल. "चल. हात थय नळार धू. ह्यांच्या घरात पाणीसुद्धा घेव नको."

अंगणात चपला चढवताना ती मागे वळली आणि म्हणाली, "तुका घो गावचो नाय. ह्या तोंडान गावचो नाय."

माझ्या मायला हे सगळ्यात जास्त लागलं. कारण मला नवरा मिळणार नाही, असं तिलाही वाटत होतं.

ती दोघं गेल्यावर आम्ही टोप मध्ये घेऊन बसलो. भात गार झालेला, तळ करपलेला. माय जेवत नव्हती, नुसता भात चिवडत होती.

"गप बसलंस असतंस तर?" शेवटी म्हणाली.

"मी गप बसले असते आणि तिने खाल्लं असतं तर?"

"ता नाय म्हणत मी. ता तू बरा केलंस. त्यानंतर. ती होय म्हणाली, त्यानंतर तू गप बसलंस असतंस तर? सगळा जुळला होता, गो. असा जुळलेल्याक कोण नाय म्हणता?"

मी भात खाल्ला. करपलेलासुद्धा खाल्ला. भूक होती.

विद्याधरने ती गोष्ट सोडली नाही. अनियतकालिकाच्या पुढच्या अंकात त्याने लेख लिहिला. आमच्या कारखान्यात एकीने आणून दिला, म्हणाली, तुझ्यावर आलंय बघ काहीतरी. नाव बदललं होतं, पण मीच. चांगला लेख होता, खोटं कशाला बोलू? त्यात धर्माच्या भिंती होत्या. एका म्हाताऱ्या आईने रूढी मोडून पुढे केलेला हात होता. चर्चच्या धाकाने ऐनवेळी कच खाल्लेली एक भाबडी कामगार मुलगी होती. समाज बदलायला अजून किती वर्षं लागतील असा प्रश्न होता. लोकांनी त्याला पत्रं पाठवली, पुढे तो लेख कुठल्याशा संमेलनात वाचला गेला, बायका रडल्या म्हणे.

जेवणाच्या सुट्टीत काजूच्या ढिगाला पाठ टेकून मी तो लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग परत वाचला, काहीतरी निसटलंय म्हणून. भिंती होत्या, आई होती, मी होते, तो होता.

भात कुठेच नव्हता.